मागची खोली ताईचीच

हा मृत्युपत्राचा कागद लिहायचं मी किती दिवस टाळतोय ते आमच्या छावणीचा कारकून कुणालाही सांगेल. आधी पेन नव्हतं, मग पेन मिळालं तर बसायला जागा नव्हती. छावणी म्हणजे नदीकाठची प्राथमिक शाळा, आणि बाकं तिसरीच्या मुलांची. गुडघे हनुवटीला लागतात. काल कारकून म्हणाला, "चक्री, वर गेलेल्यांचे कागद तयार होते म्हणून त्यांच्या घरच्यांना खेटे पडले नाहीत. तुझ्या घरच्यांनी काय माझ्या नावाने खडे फोडायचे?" म्हणून बसलोय.

तर मी, ज्याला दोन्ही काठांवर चक्री म्हणतात, धंदा धार लावण्याचा, सध्या नाइलाजाने सैनिक, असं लिहून ठेवतो की माझं डोकं ठिकाणावर आहे (काकांचं मत वेगळं आहे, ते पुढे येईल), मी प्यायलेलो नाही, आणि माझ्यावर कुणाचा दबाव नाही. समोर बसून जांभया देणाऱ्या कारकुनाला दबाव म्हणत नसतील तर.

एक. घर. दोन खोल्या, वर पत्रे, मागे न्हाणी. बाबांनी जाताना मला आणि काकांना जवळ बसवून सांगितलं, पुढची खोली चक्रीची, मागची ताईची. काकांनी मान डोलावली होती, मी पाहिलंय. ताई म्हणजे माझी सख्खी थोरली बहीण, पलीकडच्या काठावर दिलेली. मागच्या खोलीची किल्ली तिने लग्नानंतरही स्वतःजवळच ठेवली. तेव्हा सरहद्द होती, पण पुलावरचा शिपाई पास बघायच्या ऐवजी घरची कात्री पुढे करायचा, "जाता जाता एवढी लावून दे रे."

आता कारकून म्हणतो, ताईच्या नावे लिहिलंस तर खोली सरकारजमा होईल. "ती शत्रुराष्ट्राची नागरिक आहे."

मी म्हटलं, "ती मला आंघोळ घालायची."

"कायद्यात आंघोळीचं काही नाही."

आणि काहीच न लिहिता मेलो तर सगळं घर काकांचं. मला भरतीच्या ट्रकमध्ये चढवलं तेव्हा काका निरोप द्यायला आले, घराचा कागद घेऊन. "एवढी सही करून टाक बाळा, बाकीचं तू आल्यावर बघू." मी म्हटलं, "मग सहीही आल्यावरच करतो." काका सगळ्या ट्रकला ऐकू जाईल असं म्हणाले, "पोराचं डोकं फिरलंय."

म्हणून दोन्ही खोल्या शेजारच्या शिवणवाल्या मावशींच्या नावे करत आहे. उडवलेला पूल पुन्हा होईल आणि ताई येईल तेव्हा मावशींनी मागची खोली तिच्या हवाली करावी. हे कायद्यात बसतं का, असं कारकुनाला विचारलं. तो म्हणाला, "हे वाक्य मी वाचलेलंच नाही." माणूस वाईट नाही.

दोन. काका. मृत्युपत्रात युद्धाचं कारण लिहीत नसतात म्हणे. पण त्याशिवाय काकांना काय द्यायचं ते कळणार नाही. एका मोठ्या पुरात नदीने कूस बदलली आणि मधे वाळूचा पट्टा उघडा पडला. नकाशातली हद्द जुन्या पात्रातून जाते, पाणी दुसरीकडून. कैक वर्षं तो पट्टा कुणाचाच नव्हता. इकडच्या-तिकडच्या बायका तिथे चादरी वाळत घालायच्या, पोरं चेंडू खेळायची, आणि चेंडू कुठल्या देशात गेला म्हणून कुणी भांडलं नाही. मग शहरात इमारती वाढल्या, वाळूला भाव आला. पलीकडच्या ठेकेदाराने एक टिपर उतरवला, काकांनी दोन. पलीकडच्यांनी काकांचा टिपर अडवला. लगेच काका चौकात माईक धरून उभे, "आपल्या भूमीचा लचका तोडला!" मी समोरच सुऱ्या घासत होतो. टिपर हा शब्द भाषणात एकदाही आला नाही. पलीकडेही असंच भाषण झालं म्हणतात. मग मोठे लोक आले, मग फौजा, मग पूल उडाला. आता तीच वाळू काका लष्कराला विकतात आणि आम्ही ती गोण्यांत भरून तिच्या आड बसतो.

सबब काकांना माझ्यातर्फे वाळूची एक गोणी द्यावी. फाटकी चालेल.

तीन. सायकल आणि तिच्यावरचं धारेचं दगडी चाक दाजींना, म्हणजे ताईच्या नवऱ्याला. ते नावाडी. स्टँडवर चढवून पॅडल मारलं की चाक फिरतं, हे बघून म्हणायचे, "मेहुणे, तुमची सायकल उभी राहिली की कामाला लागते. तुम्ही कधी उभे राहणार?" आतून ताई ओरडायची, "त्याला छळू नका हो, थांबला तर गंजेल!"

पलीकडच्या फौजेने नावा आणि नावाडी ताब्यात घेतले, एवढं कळलं होतं. पुढे काही नाही. आम्हाला हुकूम आहे, पाण्यावर जे हलेल त्याच्यावर गोळी झाडायची. माझीही पाळी असते. माझी गोळी कुठे जाते ते इथे लिहीत नाही, हा कागद तपासला जातो. पण दाजी, नावेला पडलेलं एखादं भोक माझं निघालं, तर ते चाक नदीत फेकून द्या.

चार. छावणीतल्या संगिनींना धार मी लावली. ती कुणालाही देत नाही. काढून घेता आली असती तर घेतली असती.

साक्षीदार पहिला: छावणीचा कारकून. सही केली.
साक्षीदार दुसरा: स्वयंपाकी. हात धुऊन येतो म्हणाला.
ठिकाण: नदीकाठची शाळा, तिसरीचा वर्ग.
तारीख: फळ्यावर शाळा बंद झाली त्या दिवशीची आहे. खरी कारकून घालेल.

स्वयंपाकी आला. हात न धुता, डाव तसाच धरून. "चक्री, नाव आलीय रे काठाला! पांढरं फडकं लावून. बाई वल्हवतेय म्हणून पोरांनी झाडली नाही. तुला विचारतेय. कुठल्या मागच्या खोलीची किल्ली दाखवतेय सगळ्यांना."

"एकटी?"

"एकटीच. नावाडी नाही."

मी उठलो तर कारकुनाने खांद्यावर हात ठेवून खाली बसवलं. "आधी फडक्याचं लिही. उद्या कुणी हेर म्हणायला नको. मी सही करतो खाली."

लिहितो. पांढरं फडकं होतं. बाई एकटी होती. ती माझी बहीण आहे.

दुसरी सही राहिली आहे. मी काठावर चाललोय.