मास्तरांच्या घंटीसाठी मदरबोर्ड

२ फेब्रुवारी

चि. ठमी हिस,

अ. उ. आ.

पत्र बघून दचकू नकोस. घरी सगळे धडधाकट आहेत. फोन करणार होतो, पण माझे कान इंजिनाशेजारी बसून बसून केव्हाच रजेवर गेलेत. तू ओरडतेस, मी ओरडतो आणि आपल्या घरातलं सगळं शेजाऱ्यांना कळतं. त्यापेक्षा कागद बरा.

मुद्द्यावर येतो. मला गेमिंगचा कॉम्प्युटर घ्यायचा आहे. आधी पोटभर हसून घे, मग पुढचं वाच.

मास्तरकाकांना झटका आल्याचं आईने तुला कळवलंच होतं. आता त्यांना दवाखान्यातून घरी आणलंय. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. डॉक्टर म्हणतात, डोकं शाबूत आहे, डावा हात ठणठणीत आहे, पण पेशंटनेच मनावर घ्यायला हवं. आणि हे गृहस्थ दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसतात. मी रोज जातो, गप्पा मारतो, जुन्या साहेबांच्या नकला करतो. ढिम्म. माझ्याकडे बघतसुद्धा नाहीत. इतकी वर्षं मी ड्रायव्हर आणि ते कंडक्टर, एकाच गाडीवर. मला त्यांचा हा अबोला सहन होत नाही, ठमे. घरी येऊन मला जेवण जात नाही.

परवा दाढीला गेलो होतो. सलूनवाला गिऱ्हाईक नसलं की कॉम्प्युटरवर बस चालवतो. खरीखुरी वाटावी अशी बस! स्टॉप आहेत, प्रवासी आहेत, बाजूचे आरसे आहेत. अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून मी बघत राहिलो. तिथेच ठरवलं, मास्तरांना पुन्हा ड्यूटीवर घ्यायचं. मी स्टीअरिंगवर आणि त्यांच्या डाव्या हातात घंटीची दोरी.

तडक दुकानात गेलो. दुकानदाराने पहिलाच प्रश्न टाकला, मदरबोर्ड कुठला घालू? मी म्हटलं, चांगला घाला. मी विनातिकीट चढलोय अशा नजरेने त्याने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग समजावलं की बाकीचे सगळे भाग त्या बोर्डावर बसतात. म्हणजे चासीच की! एवढं मला समजलं. पण त्याने तीन चासी पुढे ठेवल्या आणि मी तसाच घरी परतलो. कुठली घेऊ ते तू आणि जावईबापू मिळून लवकर कळवा.

आईला अजून काही बोललेलो नाही. तुझं उत्तर तिच्या हाती पडणार नाही असं बघ. बापावरची माया आटू देऊ नकोस.

तुझा,
बाबा

ता. क. पत्र पेटीत टाकायला माझ्याकडेच दिलंय. वाचलं. मास्तरांसाठी आहे म्हणून गप्प बसते आहे, नाहीतर या वयात गेम म्हणजे काय ते दाखवलं असतं. आई.


११ फेब्रुवारी

ती. बाबांस,

शि. सा. न. वि. वि.

हसणार होते, पण मास्तरकाकांचं वाचलं आणि हसू आलंच नाही. लहानपणी तुमच्या गाडीत बसले की ते मला पुढची सीट द्यायचे आणि माझं रीतसर तिकीटही फाडायचे. तुम्ही कॉम्प्युटर घ्याच.

पण तुमच्या पत्राने माझ्या घरात दोन तट पडलेत. तुमच्या जावयांना नवा कॉम्प्युटर म्हटलं की चेव येतो. ते म्हणतात सगळ्यात मोठा बोर्ड, मी म्हणते मधला. सकाळी चहाच्या वेळी सुरू झालेला वाद ऑफिसला निघताना चपला घालेपर्यंत चालतो.

आता माझं नीट ऐका. आधी प्रोसेसर ठरवा, तो म्हणजे तुमचं इंजिन. मग त्याच इंजिनाला बसेल असाच बोर्ड घ्या, कारण एका जातीचा प्रोसेसर दुसऱ्या जातीच्या बोर्डात बसत नाही. दाबून बसवायला जाल तर त्याच्या पिना मोडतील. तुम्ही दाबून बसवणारे आहात म्हणून मुद्दाम लिहिते आहे. बोर्डाच्या मागे पोर्ट किती आहेत ते मोजा. स्टीअरिंग, गिअर, कीबोर्ड, माऊस आणि काकांची घंटी, सगळं एकदम लागलं पाहिजे. बाकी दुकानदार कितीही गोड बोलला तरी मान डोलवू नका.

सोबत तुमच्या जावयांची चिठ्ठी आहे. मी त्यांना एकाच पानाची परवानगी दिली होती.

आईपासून आपल्या घरात आजवर काही लपलंय का? तिला सांगून टाका. माझा जीव तुमच्यात अडकलेला असतो, हे विसरू नका.

आपली,
ठमी

ती. बाबांना सा. न.
ठमीचं ऐकू नये अशी नम्र विनंती. मोठाच बोर्ड घ्यावा. उद्या दुसरं ग्राफिक्स कार्ड घालावंसं वाटलं तर जागा हवी. शिवाय त्याच्या कडेने सोळा रंगांचे दिवे लागतात, ते गाण्याच्या तालावर नाचतात. आपण निर्णय घ्यावा, पण माझ्या बाजूने घ्यावा.


२१ फेब्रुवारी

चि. ठमी व जावईबापू यांस,

अ. उ. आ.

बोर्ड घेतला. मधला. जावईबापूंनी मन खट्टू करून घेऊ नये. दुकानदाराने तो दिव्यांचा बोर्ड लावून दाखवला. सर्कशीची गाडी गावात शिरल्यासारखं वाटलं. ड्रायव्हरच्या मागे दिवा लावला की समोरच्या काचेत त्याचाच उजेड दिसतो आणि रस्ता दिसत नाही. मी जन्मभर केबिनमधले दिवे बंद करायला लावले, आता सोळा रंगांचे लावू होय?

पोर्ट स्वतः मोजले. दुकानदार म्हणाला, पुरतील. मी म्हटलं, पुरतील नको, लावून दाखवा. त्याने सगळं जोडून दाखवलं तेव्हा माझी खात्री पटली. रॅमच्या चार जागा आहेत आणि त्याने दोनच भरल्या. मी विचारलं, बाकीचा माल कुठाय? तर म्हणाला, त्या पुढे वाढवायला मोकळ्या ठेवतात. माझ्या वयाकडे बघूनही माणूस पुढचं बोलला, मला बरं वाटलं.

घंटी त्यानेच करून दिली. एक मोठं बटण, त्याला वायर, ती थेट मागच्या पोर्टात. मी तिला लांब दोरी बांधली आहे. दोरी ओढली की बटण दाबलं जातं आणि कॉम्प्युटर टिंग करतो. मास्तरांची लाइन स्वतंत्र ठेवली आहे, तिच्यात दुसरं काही घुसवायचं नाही असं घरात बजावलंय.

तुझ्या आईला सांगायला गेलो तर तिने पुढची खोली आधीच रिकामी करून ठेवलेली. हिला कोण बातम्या पुरवतं कोण जाणे.

रविवारी मास्तरांना चाकाच्या खुर्चीतून आणायचं ठरलं आहे. त्यांचा मुलगा आधी नको म्हणत होता. वडिलांना उगीच त्रास होईल म्हणाला. मी हात जोडले तेव्हा कबूल झाला. एकदा बघतील माझ्याकडे, मला तेवढं पुरे. तुम्ही दोघं सुखाने नांदा आणि वाद घालायचा तर हळू घाला.

तुमचा,
बाबा


१ मार्च

चि. ठमी हिस,

अ. उ. आ.

तुझ्या त्या मधल्या बोर्डाने माझं नाक कापलं.

रविवारी मास्तर आले. मुलगा, सून, शेजारचे दोघे, सगळे दारात उभे. मी सुरू करायला गेलो तर स्क्रीन काळी आणि तिच्यावर इंग्रजी अक्षरं. एफ-वन दाबा म्हणे. दाबलं. मग गेम सुरू होईना. तारीख चुकीची आहे म्हणून आत सोडत नाही. बघतो तर बोर्डाची तारीख कित्येक वर्षं मागची! आदल्या दिवशी मी आणि दुकानातल्या माणसाने मिळून सगळं सुरळीत लावलं होतं. तारीख कुठे दुरुस्त करायची ते मला एकट्याला सापडेना. मास्तर अर्धा तास त्या काळ्या काचेसमोर बसले. मग त्यांनी हळूच मान वळवली आणि आमच्या भिंतीकडे बघत राहिले. मुलगा मला एवढंच म्हणाला की आता पुन्हा नको. तो वाईट बोलला नाही. म्हणूनच जास्त लागलं.

तेव्हापासून रोज हाच तमाशा. दुकानदार येऊन लावून गेला की संध्याकाळी सगळं ठीक असतं, सकाळी बोर्ड सगळं विसरलेला. दुकानदार म्हणतो, असं कधी होत नाही. मी म्हणतो, माझ्याकडे होतंय. विसरभोळा बोर्ड माझ्या माथी मारलाय, तो बदलून घेणार. मोठाच घ्यायला हवा होता. जावईबापूंना सांग, मी त्यांचं ऐकायला हवं होतं.

मला फार वाईट वाटतंय. दुसरं काही सुचत नाही. आठवण ठेव.

तुझा,
बाबा


९ मार्च

ती. बाबांस,

शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून मला रडू आलं आणि तुमचे जावई घरात कॉलर ताठ करून हिंडत आहेत. पण ते मनाने चांगले आहेत. तुमचं पत्र त्यांनी पुन्हा पुन्हा वाचलं आणि म्हणाले, बोर्ड बदलू नका, बोर्डाचा दोष वाटत नाही.

बोर्डावर रुपयाच्या नाण्याएवढी एक गोल बॅटरी असते. कॉम्प्युटर बंद असताना तारीख आणि बाकीच्या सेटिंग तीच जपते. ती संपली असेल तर बोर्ड सगळं विसरतो. नवी घाला. ती वर्षानुवर्षं टिकते, घातली की तिला कुणी हात लावायचा नाही. शिवाय तारीख दुरुस्त कुठे करायची ते तुमच्या जावयांनी मराठीत लिहून दिलंय, कागद सोबत आहे. एवढं करून पुन्हा एकदा मास्तरकाकांना बोलवा. त्यांच्या मुलाशी मी स्वतः फोनवर बोलले आहे. एकदाच, म्हणाला.

हिंमत सोडू नका. तुमची हिंमत गेली तर मी कुणाच्या जिवावर मिरवायचं?

आपली,
ठमी


१३ मार्च

चि. ठमीस,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी आधी फोडलं. फोडणारच. त्यातली ती गोल बॅटरी वाचली आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. गेले कित्येक दिवस यांच्या शर्टाच्या खिशात मला एक चपटी गोल चकती सापडते आहे. मला वाटायचं, कसल्यातरी खेळण्याची असेल. कपडे धुवायच्या आधी मी काढून ठेवायची, हे सकाळी परत मागायचे.

समोर धरून विचारलं. तर म्हणाले, त्यात काय, गाडी डेपोत लावली की बॅटरीची वायर काढायची, रात्रीतून उतरत नाही. जन्मभर हेच केलंय, म्हणे. हे रोज संध्याकाळी कॉम्प्युटरचा प्लग काढतात, पेटीचं झाकण उघडतात, ती बॅटरी काढून खिशात घालतात आणि सकाळी पुन्हा बसवतात! आणि नावं ठेवतात बोर्डाला. त्या बिचाऱ्या दुकानदाराला तीनदा घरी बोलावून तासलं. तो बघायला यायचा दुपारी, तेव्हा बॅटरी आपली जागेवर.

तुझं पत्र वाचून दाखवलं तर तोंड एवढंसं झालं. तरी वर म्हणतात, बॅटरी उतरली तर जबाबदार कोण? मी म्हटलं, मी. बॅटरी माझ्या हाताने बसवली, झाकणाचे स्क्रू आवळले आणि स्क्रू-ड्रायव्हर माझ्या कपाटात कुलपात ठेवला आहे. हसू आवरून लिहिते आहे. दुकानदाराला यांनी काल स्वतः जाऊन चहा पाजला.

रविवारची मलाच धास्ती वाटते. ह्या माणसाला पुन्हा त्या भिंतीसमोर हरलेलं बघवणार नाही मला. जावईबापूंना आशीर्वाद, आणि दोघं वेळेवर जेवत जा.

तुझी,
आई


१९ मार्च

चि. ठमी व जावईबापू यांस,

अ. उ. आ.

बॅटरीचा विषय घरात बंद झाला आहे. पत्रातही काढू नये.

रविवारी मास्तर आले. बोर्डाला तारीख तोंडपाठ होती. गेम सुरू झाला, समोर स्टॉप, प्रवासी चढले, दार लागलं. मी मास्तरांच्या डाव्या हातात दोरी दिली, स्टीअरिंगवर बसलो, इंजिन सुरू केलं आणि थांबलो. त्यांचं तोंड भिंतीकडेच होतं. सून म्हणाली, काका, तुम्ही चालवायला लागा, ते बघतील. मी म्हटलं, मास्तरांची डबल घंटी झाल्याशिवाय माझी गाडी हललेली नाही आणि आजही हलणार नाही. बसून राहिलो. मागच्या गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या. स्क्रीनवरचे प्रवासी कुरकुरायला लागले. मी मागे वळून बघितलं नाही. ड्रायव्हरने बघायचं नसतं.

टिंग टिंग.

ठमे, मी गिअर टाकला. पुढचा स्टॉप आला, एक टिंग, मी थांबलो. पुन्हा डबल, निघालो. असे आम्ही अख्ख्या गावातून गेलो. मी आरशात बघण्याच्या निमित्ताने वळलो तर त्यांनी खुर्ची फिरवून घेतली होती आणि ते समोर बघत होते. रस्त्याकडे आणि माझ्याकडे. लांबचा चौक आला तेव्हा दारात मंडळींची नेहमीप्रमाणे खेटाखेटी चालली होती, खोली आतून रिकामी आणि सगळे उंबऱ्यात. आणि मास्तर बोलले. शब्द जड होता, पण स्पष्ट. दोनदा म्हणाले. पुढे सरका.

मुलगा सरकला, सून सरकली, शेजारी सरकले. तुझी आईसुद्धा. आजवर मला तिला एक इंचही सरकवता आलेलं नाही. पोरं रडत होती आणि सरकत होती. उद्यापासून रोज सकाळची फेरी ठरली आहे. डॉक्टरांनाही बोलावलंय, पण त्यांनी आत येऊन नीट उभं राहायचं, दारात नाही.

जावईबापूंचा कागद मी देवघरातल्या पोथीसारखा जपला आहे. तुम्हा दोघांवर जीव आहे, तो असाच राहील.

तुमचा,
बाबा

ता. क. एक गोष्ट यांनी लिहिली नाही. सगळ्या नोकरीत यांच्या गाडीला साधा ओरखडा नाही, साहेबांनी त्याची शाबासकी दिली होती. मास्तर बोलले त्या क्षणी यांनी बस सरळ विजेच्या खांबावर घातली. पुढचा भाग पार चेपला. आणि आता येईल जाईल त्याला स्वतःच कौतुकाने सांगत सुटले आहेत की माझा पहिला अपघात झाला. आई.