विगनचा तोतया

अल्मा स्ट्रीट, रॉथनशॉ
मंगळवार, नोव्हेंबर १९७९

प्रिय क्लेम यास थोरल्या बहिणीचे आशीर्वाद. हे पत्र तू बायकोला, डोरीनला, आणि तिथल्या आपल्या गाववाल्यांना मोठ्याने वाचून दाखवशील हे मला ठाऊक आहे, म्हणून रॉथनशॉ सोडून दक्षिणेच्या उन्हात जाऊन बसलेल्या माझ्या सर्व बंधुभगिनींनाही सप्रेम नमस्कार.

बंधुभगिनींनो, तुमची आणि माझी तक्रार एकच आहे. आपल्या गावाला कोणी विचारत नाही. नकाशाची घडी बरोबर आपल्या गावावरून जाते आणि दोन वर्षांत आपण पुसले जातो. गिरण्या चालू होत्या तेव्हा आपण विणलेल्या कापडावर मँचेस्टरचा शिक्का बसत होता, आणि गिरण्या बंद पडल्या तेव्हा वर्तमानपत्रात नाव आले ते बर्नलीचे. या गावाने जगाला दिलेला नावाजलेला माणूस एकच, आपला नेव्ह ग्रिमशॉ. त्याच्या 'केटल्स' या बँडच्या तबकड्या जिथे आपल्या कापडाचा एक वारही पोचला नाही अशा देशांत वाजतात. आणि हा एकुलता एक माणूसही अकरा वर्षांपूर्वी मोटारसायकलवरून पडून मेला, त्याच्या जागी कोणी भलताच गातो आहे, असे कोण म्हणते? लंडनवाले म्हणतात ते सोडा, लंडनवाल्यांना दुसरे काम नाही. आपलेच गाव म्हणते.

(क्लेम, तुझा गुडघा कसा आहे? समुद्राच्या हवेने बरा होईल असे तू म्हणाला होतास. चार वर्षे झाली, हवेने आता मनावर घ्यायला हवे. डोरीनच्या कॅनरी पक्ष्याला कंठ फुटला का? माझी प्रकृती उत्तम आहे. फक्त सभेत बोलून घसा बसला आहे, त्याचे कारण पुढे येईलच.)

तू 'नेव्ह मेला' म्हणणाऱ्या पक्षाचा आहेस हे मी विसरलेले नाही. किंबहुना त्या पक्षाचा पाया तूच घातलास. लंडनची पोरे नुसतीच म्हणत होती की अपघातानंतर आलेला माणूस खरा नव्हे. आवाज जाड झाला, दाढी आली, आणि पुढच्या तबकडीच्या वेष्टणावर बाकीचे तिघे कॅमेऱ्याकडे बघतात तर नेव्ह एका मेंढीकडे बघतो. (मेंढी म्हणजे मेंढपाळ, मेंढपाळ म्हणजे पाद्री, पाद्री म्हणजे अंत्यविधी. या हिशोबाने आपल्या टेकडीवरून खाली बघणारा प्रत्येक माणूस मेलेला आहे.) पण तोतया आला कुठून, हे त्यांना सांगता येत नव्हते. ते तू सांगितलेस. इस्पितळातून सुटल्यावर नेव्ह पहिल्यांदा हॉरॉक्सच्या बेकरीत आला तेव्हा रांगेत त्याच्या मागे तू होतास, आणि तो म्हणाला, "दोन बार्म द्या."

डोरीन दक्षिणेची, तिच्यासाठी सांगते. लहान गोल पाव असतो ना, त्याला आपण टीकेक म्हणतो. आपण म्हणजे सगळी शहाणी माणसे. त्याला बार्म म्हणतात ते विगनकडचे लोक, आणि यॉर्कशायरवाले काय म्हणतात ते रविवारी उच्चारण्यासारखे नाही. रॉथनशॉत जन्मलेला माणूस आईला विसरेल, देवाला विसरेल, पण टीकेकला बार्म म्हणणार नाही. तेव्हा गावाने जो निष्कर्ष काढला तो चुकीचा असला तरी मूर्खपणाचा नव्हता, एवढे मी तुझ्या बाजूने बोलते. त्या संध्याकाळपर्यंत नेव्ह मेला होता आणि त्याच्या जागी विगनचा माणूस आला होता. खरे सांग, लोकांना दुःख कशाचे जास्त झाले? मरणाचे नव्हेच.

मी पुष्कळ वाचले आहे. रशियात एका मेलेल्या राजपुत्राच्या नावाने एकामागून एक तीन तोतये उभे राहिले आणि लोक प्रत्येकाच्या मागे गेले. मेलेल्याला जिवंत मानणे हा माणसाचा जुना स्वभाव आहे, त्यात निदान माया तरी आहे. पण आईकडे दर रविवारी जेवायला येणाऱ्या जिवंत माणसाला मेला म्हणून जाहीर करणारे आपण पहिलेच. दर नोव्हेंबरात बाहेरगावची मुले मार्था ग्रिमशॉच्या पायरीवर पुष्पचक्रे ठेवून जातात. गेल्या वर्षी मी स्वतः तिथे उभी होते. नेव्ह आला, त्याने 'नेव्ह, तुझ्याशिवाय करमत नाही' असे लिहिलेले चक्र अलगद उचलून भिंतीला टेकवले, पायपुसण्यावर बूट पुसले आणि आत हाक मारली, "आई, यंदाही गेलोच वाटतं मी?" मार्था आतून म्हणाली, "गेलास तर गेलास, दार लाव. रस्सा निवतोय."

सांगा मला, कोणता तोतया असा बोलेल?

आता मूळ गोष्टीकडे येते. नगरपालिकेने मार्थाच्या घराच्या भिंतीवर, दाराच्या वर, नेव्हच्या नावाची पाटी लावायचे ठरवले आणि मजकुराचे काम आपल्या ग्रिमशॉ मंडळाकडे दिले. अध्यक्ष टॅटरसॉलसाहेब. (अजूनही गावातल्या सगळ्या अंत्ययात्रा तेच काढतात. त्यामुळे एखादा माणूस मेला आहे या मताकडे त्यांचा धंद्यानेच ओढा.) त्यांनी मजकूर आणला: 'नेव्हिल ग्रिमशॉ, १९४३ ते १९६८.' मी म्हटले, "साहेब, काल तो मला पोस्टात भेटला." ते म्हणाले, "एडनाबाई, तुम्हाला कोणीतरी भेटलं, एवढंच आपल्याला म्हणता येईल."

मग मला पुरावा दाखवायला त्यांनी घरी बोलावले आणि ती मेंढीवाली तबकडी बोटाने उलटी फिरवली. "ऐका, 'नेव्ह पुरला' म्हणतोय." मी कान लावला. मला 'लोणी संपलं' असे ऐकू आले, आणि ते खरेही होते, कारण चहाबरोबर त्यांनी कोरडाच पाव दिला होता. पुन्हा ऐकवायला गेले तर सुई मोडली. तिथेच मी ठरवले की हा वाद सर्वांसमोर, एका घासात मिटवायचा.

चॅपेलमध्ये मी चहापान ठेवले. दोन्ही पक्षांना बोलावले, मार्थाला बोलावले, नेव्हला बोलावले आणि त्याला कशाचीही कल्पना दिली नाही. (पुरावा निर्भेळ हवा. आज वाटते, थोडी भेसळ चालली असती.) टेबलावर हॅम, लोणचे आणि मधोमध गोल पावांचा डोंगर. नेव्ह आदल्या रात्री ग्लासगोला गाऊन थेट आलेला, डोळे तांबारलेले, तरी येताना चॅपेलच्या दाराची करकरणारी बिजागरी बघून खिशातल्या चाकूच्या टोकाने स्क्रू आवळून आला. असा तो आहे. टॅटरसॉलसाहेबांनी घसा साफ करून विचारले, "नेव्ह, काय घेणार?" नेव्ह वाढणाऱ्या बाईला म्हणाला, "एक बार्म दे गं, हॅम घालून."

क्लेम, मी गिरणीच्या संपात पोलिसांच्या घोड्यांसमोर उभी राहून बोलले आहे, पण तिथेही इतकी एकटी पडले नव्हते. टॅटरसॉलसाहेबांचा हात सवयीने डोक्याकडे गेला आणि त्यांनी हॅट काढली. मागून कोणीतरी म्हणाले, "झालं. गेला बिचारा." आणि माझ्याकडे सगळे असे बघत होते की जणू मीच त्याला मारून आणला होता.

तेव्हा मार्था उठली. तिने हातातली बशी खाली ठेवली आणि म्हणाली, "तो शब्द त्याचा नाही. माझा आहे. मी विगनची."

टॅटरसॉलसाहेब म्हणाले, "मार्थाबाई, तुम्ही तर शेजारच्या बेकपच्या."

"बेकप माझ्या नवऱ्यानं सांगितलं होतं. विगनची सून त्याच्या आईनं उंबऱ्याच्या आत घेतली नसती. तिला सांगितलं बेकप, मग तुम्हाला सांगितलं बेकप, मग ते मोडायला जागाच उरली नाही."

मग तिने सगळे सांगितले. दार लावलेले असले की घरात बार्म, आणि दार उघडले की टीकेक, हा नेव्हच्या बापाचा कडक हुकूम. पोर दोन्ही बोलायला शिकले, तुमच्यामाझ्यासमोर कधी चुकले नाही. पण अपघातात त्याचा जबडा मोडला, दात तारांनी बांधले, आणि तारा निघाल्यावर मार्थाने त्याला दुधात भिजवलेला पाव भरवला, लहान मुलाला भरवतात तसा, 'घे बार्म, घे' म्हणत. तोंडात परत आलेला पहिला शब्द तो. त्यानंतर तो शब्द आणि दुसरा शब्द यांच्यामधले दार त्याला कधी नीट लावता आले नाही.

"मग तू का बोलला नाहीस रे?" मी नेव्हला विचारले. "एका वाक्यात संपलं असतं."

त्याने आईकडे बघितले आणि खांदे उडवले. "काय बोलणार, एडनामावशी? मेलेल्याला निदान कोणी आईचं माहेर विचारत नाही."

क्लेम, हे वाक्य दोनदा वाच. जगभर त्याच्या नावाने अफवा विकल्या गेल्या. त्याचे दात मोजले, नाक मोजले, त्याने केलेली गाणी दुसऱ्याची म्हणून सांगितली. एक शब्द बोलला असता तर तो जिवंत ठरला असता. पण आईचे गुपित फुटू नये म्हणून हा गडी अकरा वर्षे मुकाट्याने मेलेला राहिला, आणि मेलेला असताना दर रविवारी येऊन तिचे पन्हळ साफ करून गेला. शूर माणसांबद्दल मी खूप वाचले आहे, पुतळेही खूप पाहिले आहेत. त्यांतल्या किती जणांना हे जमले असते, मला शंका आहे.

तुला वाटेल, आता प्रश्न मिटला. मलाही वाटले. पण मंडळाची सभा भरली तेव्हा टॅटरसॉलसाहेब उठून म्हणाले, "आपण नीट विचार करू. मेलेला नेव्ह संपूर्ण आपला होता. जिवंत नेव्ह निम्मा विगनचा निघाला. उद्या विगनवाले म्हणतील, आमचा माणूस, आमच्याकडे पाटी. अडुसष्ट साल टाकलं की सगळं आपल्याकडेच राहतं." आणि माणसांनी माना डोलावल्या. म्हणजे तो खरा आहे हे कळल्यावर त्यांना तो मेलेला हवा आहे. मी बोलायला उभी राहिले, घसा बसेपर्यंत बोलले. मी म्हटले, ज्या घरात आई राहते त्या घराच्या दारावर तुम्ही तिच्या जिवंत मुलाची मरणतारीख ठोकणार, आणि ती रोज सकाळी दूध घ्यायला दार उघडून ती वाचणार, का, तर ती वीस मैल पलीकडे जन्मली म्हणून? काही जण उठून माझ्या बाजूला आले. मते समसमान पडली; निकाल शुक्रवारवर गेला.

मार्थाने कोणाला दोष दिलेला नाही. मी काल गेले तेव्हा तिने पुढच्या खोलीचे पडदे उतरवून घडी करून ठेवले होते. शुक्रवारी काय ठरते ते बघून विगनला भाचीकडे जाईन म्हणाली. "लग्न होऊन आले तेव्हापासून इथं आहे, एडना, पण त्या पाटीखालून जा-ये करायला नाही जमायचं." चहा मात्र तिने केला, आणि नेहमीसारखा कडक केला.

तुझ्या तब्येतीची काळजी घे. जास्त लिहीत नाही.

तुझी बहीण,
एडना सागर

ता. क. जास्त लिहीत नाही म्हटले, पण पत्र ज्यासाठी लिहिले ते राहिलेच. मंडळाच्या घटनेप्रमाणे गैरहजर आजीव सभासदाच्या मताची मुदत संपल्याशिवाय अध्यक्षाला आपले जादा मत टाकता येत नाही. गैरहजर आजीव सभासद एकच आहे आणि त्याचा गुडघा दुखतो. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत तुझे मत आले नाही तर टॅटरसॉलसाहेब आपले मत टाकतील, आणि ते कोणत्या बाजूचे असेल ते त्यांच्या काळ्या कोटाकडे बघून सांगता येते.

ता. क. दुसरा. एवढे वाचूनही तुला तो तोतयाच वाटत असेल, तर तसे समज. मी तुझ्याशी भांडत नाही. समज की विगनचा कोणी परका माणूस येऊन अकरा वर्षे एका म्हातारीचे पन्हळ साफ करतो, तिच्या हातचे जेवतो, तिच्यासाठी तोंड मिटून बसतो. मग तो माणूस माझ्या मते नेव्हपेक्षाही मोठा, आणि तोही मेलेला नाही.

ता. क. तिसरा. शाळेत तू नेव्हला पाटी फेकून मारली होतीस आणि कानामागे टाके पडले होते, ते तुला आठवत असेल. गेल्या रविवारी तो जेवून खुर्चीत घोरत असताना मी हळूच त्याचे केस बाजूला करून पाहिले. (हे मी वर लिहिले नाही, कारण तिथे माझा विश्वास अढळ होता.) काहीच दिसले नाही. पुन्हा एकदा बोट फिरवून पाहिले. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून मार्था म्हणाली, "तो डावा, एडना. टाके उजव्याला होते." आणि परत भांडी घासायला गेली. उजवा कान खुर्चीच्या पाठीला टेकलेला होता. मी त्याला हलवले नाही. मी फडके घेतले आणि आत जाऊन तिच्या शेजारी भांडी पुसत उभी राहिले.

तेव्हा तू उद्या सकाळी पोस्टात जा आणि मंडळाच्या नावे तार कर. तारेत एकच शब्द घाल: जिवंत.