गोठ्यालगतची गंजी हलवण्याबाबत

तरी मी फोनवर ओरडून सांगत होतो, बापू, की माळावरचं गवत अजून दोन उन्हं खाऊ द्या, मग गठ्ठे बांधा. तुम्ही म्हणालात, "मशीन मलकापूरवरनं आलंय, आज वाडीत हाय, उद्या न्हाई. मशीनवाला विश्वजीत काय तुझ्यासाठी थांबतोय व्हय?" पाऊस पडून गेलेला, गवताला खालनं ओल, आणि तसंच मशीननं दाबून सुतळीत आवळलं. आता ते आतनं तापलंय आणि तुमची बाज त्याच्या पायथ्याला आहे. ऐकत नाही म्हणून हे लिहावं लागतंय.

तर मी मल्हार जोतीराम सूर्यवंशी, वय सव्वीस, शिक्षण सातवी, धंदा सोनं-चांदी गाळायच्या दुकानात नोकरी, मूळ राहणार तालुका कवठे महांकाळ, जिल्हा सांगली, सध्या कोईमतूर, असं लिहून ठेवतो की माझं डोकं ठिकाणावर आहे, दारू प्यालेलो नाही आणि मागं कुणी काठी घेऊन उभं नाही. आजार काही नाही. भट्टीच्या धुरानं खोकला आहे, तो इथं सगळ्यांनाच आहे.

मग मृत्युपत्र कशाला, असं आई विचारेल. कारण आमच्या घरात जित्या माणसाचं कुणी ऐकत नाही आणि मेलेल्याचा शब्द कुणी मोडत नाही. आजोबा, लालासाहेब आबा, जाताना आईला म्हणाले, चहात आलं घालत जाऊ नको. तेव्हापासून आमच्या घरात आल्याचा चहा झालेला नाही, पाहुण्यालासुद्धा नाही. त्याच दिवशी ते बापूंना म्हणाले, "जोत्या, वैरणीची गंजी गोठ्याला लागून रच. नजरंआड ठिवू नगंस." त्या साली आमचा कडबा चोरीला गेला होता, म्हणून बोलले. त्यांचं बरोबरच होतं. पण तो कडकडीत वाळलेला कडबा होता, हातानं बांधलेल्या पेंढ्या, मधनं वारा खेळायचा. मशीनच्या गठ्ठ्यात वारा शिरत नाही. आबांनी मशीन बघितलंच नाही, तर त्यांना कसं कळावं?

दिवाळीला आलो तेव्हा मी दोन गठ्ठ्यांच्या फटीत कोपरापर्यंत हात घातला आणि तव्याला लागल्यासारखा काढून घेतला. बापू हसले. "नवं गवत हाय, ऊब असतीच. म्हस बी त्येला टेकून बसती थंडीची." वास गुळाच्या काहिलीसारखा येत होता. मी एकटाच गठ्ठे ओढायला लागलो तर बापू आडवे आले, "आबांच्या गंजीला हात लावायचा न्हाई." तेवढ्यात माझी रजा संपली.

इथं परत आल्यावर मी बहिणीला, संयोगिताला, फोन करून सांगितलं की लोखंडी सळई गंजीत खुपस, जेवण होईस्तोवर ठेव आणि मग हात लाव. तिनं लावला. "दादा, चटकाच बसला की रं!" म्हणाली. मी म्हटलं फोन बापूंना दे.

"आवं बापू, ही आपल्या आपण पेटंल."

"आगपेटी न वढता आग लागती व्हय रं? तुला तिकडं भट्टीपुढं बसून सगळीकडं आगच दिसाय लागलीया."

"तुमी निदान बाज तरी घरात घ्या."

"जनावरं सोडून? आबा मरताना बोललं, म्हणून ऐकलं. तू बी मरताना बोल, तवा बघू."

मागनं आई ओरडली, "आवं, काय बोलताय पोराला!" पण बापू गंमतीनं बोलले नव्हते. म्हणून मी त्यांच्याच शब्दाला धरून लिहितो. संयोगितानं हे सगळ्यांपुढं मोठ्यानं वाचावं, आणि माझ्या मरणाची वाट न बघता वाचावं.

कलम एक. आबांनी माझ्या नावावर केलेला माळाचा वीस गुंठ्यांचा तुकडा संयोगिताला. लग्न झालं तरी तिचाच. गवताची काडी पिळल्यावर कटकन मोडली तरच गठ्ठा बांधायचा, मग मशीन गेलं तर जाऊ दे.

कलम दोन. विश्वजीतला काही द्यायचं नव्हतं. शाळेत माझ्या शेजारी बसायचा, ओलं गवत हाताला लागत नव्हतं का त्याच्या? पण त्यालाही पुढची वाडी गाठायची होती. माझी मोटरसायकल त्याला. ब्रेक लागत नाही, हे त्याला सांगा. बदल्यात त्यानं ट्रॅक्टर घेऊन यायचं आणि बांधलंय तेच हलवायचं.

कलम तीन. पोस्टातली शिल्लक आईला. त्यातनं तिनं पहिल्यांदा आलं आणावं आणि चहा करून प्यावा. तिला लय आवडायचा. आबांच्या शब्दापुढं माझा शब्द पुरेल की नाही, ठाऊक नाही.

कलम चार. घर सोडून गेलो त्या दिवशी मी रागानं विळा गोठ्याच्या पत्र्यावर फेकला होता, तो तिथंच असेल. तो बापूंचा. त्यांचाच होता. बापू म्हणतात माझा पाय एका जागी ठरत नाही. खरं आहे. पण इथनं तो हलत नाही. मालक म्हणतात लगीनसराई उरकली की जा. सोडून आलो तर राहिलेला पगार बुडतो, आणि आलो तरी तुम्ही पुन्हा आडवेच याल.

कलम पाच, आणि हेच खरं मृत्युपत्र. गंजी गोठ्यापासून लांब, उघड्या रानात न्यावी. आधी म्हैस आणि शेरडं सोडून घरापुढं बांधावीत. पाण्याची पिंपं भरून जवळ ठेवावीत, कारण आतला गठ्ठा उघडा पडला की वाऱ्यानं पेट घेतो. कुणी गंजीवर चढू नये, आतनं पोकळ झाली असेल. धूर दिसला तर हात न लावता आगीचा बंब बोलवावा. बापूंनी आज रात्री घरात झोपावं. बापू, मी मेलो असं धरा आणि एवढं ऐका. नऊ वर्षं आबांचं ऐकलंत, माझं एक दिवस ऐका.

माझ्यासमोर सही करणारे: गंगाधर शामराव माने, मूळ गाव आटपाडी, भट्टीवरचा जोडीदार. दुसरा सेल्वम, चहावाला. त्याला मराठी येत नाही, पण माझं तोंड बघून त्यानं सही केली.

लिहून ठेवणार: मल्हार जोतीराम सूर्यवंशी
कोईमतूर, १४ नोव्हेंबर २०२४

ता. क. ट्रॅक्टर आणि दोन गड्यांचे पैसे संयोगिताच्या फोनवर टाकतोय. हे जित्या माणसाचे आहेत, आजच खर्च करा. रुपये ३,५००, अक्षरी तीन हजार पाचशे फक्त.