पांढरी ठिणगी

वर्धा, ६ नोव्हें. ८९
इंजिनाच्या टपावर चढून पॅंटोच्या दोन पट्ट्या बदलल्या. नव्याच होत्या, तारेनं खाचा पाडल्या. पॅंटो म्हणजे वीज घेणारा टपावरचा सांगाडा, तो वरच्या तारेला घासतो, जाळ धरतो, पट्टी जळते, तार झिजते. साहेबांचं एकच, पट्ट्या जपून वापरा. आता इंजिनाला सांगू का, जपून घास म्हणून?
संध्याकाळी नामदेवभाऊ नेहमीसारखे यार्डाच्या टोकाशी. जाणाऱ्या इंजिनाची ठिणगी बघतात. निळी, बारीक म्हणजे पट्टी ठीक. पांढरी भडकली की खाच खोल, कुठेतरी अडकून तार तुटणार. डोळ्यांपुढे धरायची काळी काच खिशातच. "काचेतून रंग कुठी दिसते, जवाईबापू?" माझ्या बायकोचे, सुमनचे, थोरले भाऊ, त्यात गँगचे मुकादम. सगळे असेच उघड्या डोळ्यांनी बघतात. मीही.

१७ नोव्हें.
नामदेवभाऊंचे डोळे लाल, सारखं पाणी. रेती गेल्यासारखं म्हणे. घरी आले तर सुमननं डोळ्यांवर बटाट्याच्या चकत्या ठेवल्या. "दादा, काच काऊन नाई लावत तुमी?" हसण्यावारी नेलं. मला हसू आलं नाही.

२ डिसें.
नामदेवभाऊ पट्टीवर अंगठा फिरवत होते. खाच समोर, तरी दिसेना. खाली उतरल्यावर हळूच म्हणाले, "मधातच काळा डाग हाये. ज्याच्याकडे पाहतो थेच गायब. कोनाले सांगू नोको. अनफिट केलं तं काय गावाले, आंजीले जाऊन भावाच्या वाडीत वांगे तोडू?"
 आता मी बघतो, कानात सांगतो, ते मोठ्यानं "पास" म्हणतात. 

११ डिसें.
सुमननं विचारलं, दादा पायरीला ठेचकाळले, काऊन? म्हटलं, अंधार होता. भर दुपारी कसला अंधार. तिनं पुढे विचारलं नाही.  कोणाला सांगून काही सुधारेल असं वाटतच नाही. डोळे तर गेलेच.

१९ डिसें.
ग्रीस आणायला स्टोअरला गेलो, तेवढ्यात नामदेवभाऊंनी एकट्यानंच मालगाडीचं इंजिन पास केलं. माझी वाट बघायला काय झालं होतं?
तिन्हीसांजेला दोघं टोकाशी उभे. तेच इंजिन निघालं. लख्ख पांढरा जाळ, पार सिग्नलपर्यंत. मी डोळे मिटले. ते सरळ तिकडेच बघत होते.
"कशी व्हती?"
"निळी. बारीक."
"म्या म्हटलंच व्हतं." खांद्यावर थाप मारली. किती दिवसांनी खूश दिसले.
केबिनच्या बाकावर बसून लिहितोय. फोन समोर आहे. गाडी थांबवा म्हटलं की पहिला प्रश्न, पट्टी पास कोणी केली. फोन नाही केला तर तार तुटेल, कुठे, कोणाच्या डोक्यावर, देव जाणे. गाडीला हिंगणघाट अजून आलं नसेल, तिथे थांबवता येईल.
बाहेरून नामदेवभाऊंची हाक. "जवाईबापू, चहा थंडा होऊन राह्यला."