तुंब्याचा वाफा

प्रिय आई,

गच्चीवर जाऊन चोरून फोन करायला आता मन घेत नाही, आणि खाली सासूबाई शेजारीच शेंगा निवडत असतात, म्हणून हे पत्र. शहाजीदादा उद्या माढ्याला येतोय, त्याच्या हाती देते.

परसातल्या भोपळ्याचं तुला ठाऊकच आहे. वेल पत्र्यावर गेला, फुलंही भरपूर, पण सुपारीएवढं फळ धरायचं आणि पिवळं पडून गळायचं. सासूबाई म्हणाल्या दृष्ट लागली, आणि त्यांनी वेलाला जुनी चप्पल बांधली. मला दिसत होतं की तिकडे एकही मधमाशी फिरकत नाही. बांधावरचा पांढऱ्या फुलांचा तुंबा तू कधी खुरपू दिला नाहीस, माशा त्याच्यावर येतात म्हणून. ते आठवून मृगात तुझ्याकडचं बी वेलाच्या बुडाशी टाकलं. श्रावणात वाफा पांढराशुभ्र झाला, आणि सासूबाईंना महादेवाला वाहायला घरचा तुंबा मिळाला. हुंगलेलं फूल देवाला चालत नाही, म्हणून त्या उजाडायच्या आत सगळी फुलं खुडायच्या. माशांना उरायची नुसती पानं. देवाच्या फुलाला नको कसं म्हणू? रोज मनात वाक्य जुळवायची आणि चहाबरोबर गिळायची. नागपंचमीला फोनवर रडले ते यापायीच.

पुढं काय झालं ते ऐक. यांना चिंचोळीच्या कारखान्यात पहिली पाळी होती. भाकरी करून देण्यात सासूबाईंना उशीर झाला, आणि टोपली घेऊन गेल्या तर वाफाभर माशा. "ह्यांनी समदं उष्टं केलं की गं," म्हणाल्या. माझ्या तोंडून निघूनच गेलं, "आत्या, भोपळ्याला दृष्ट लागली नव्हती. ह्याच येत नव्हत्या." मग सगळंच सांगितलं. सासूबाई माशांकडे बघत राहिल्या, मग माझ्याकडे. "आन् इतके दिवस तोंडात काय धरलं होतंस?" महादेवाचं त्या दिवशी बेलावर भागलं. आता वाफ्याजवळ मी मोठ्याने बोलले तरी त्या दटावतात, माशा बिचकतील म्हणून.

रविवारी येऊन त्यांना चार शब्द सुनावणार म्हणालीस ना? ते चार शब्द घरीच ठेव, आई. त्यासाठीच घाईने लिहितेय. त्याऐवजी तुंब्याचं बी आण. त्यांना दारापाशी देवाचा वेगळा वाफा करायचाय, आणि बी तुझ्याच बांधावरचं हवंय. भोपळा नारळाएवढा झालाय, बघशीलच. फक्त छान आहे म्हणू नकोस. चप्पल अजून तिथंच आहे.

तुझीच,
अंकिता