चौदा एप्रिलचा चौथरा

नागपूर, २० मार्च २०२५

चि. सौ. मैत्री हिस,
अ. उ. आ. सप्रेम जयभीम, वि. वि.

तुझ्या पत्राचा फोटो परवा मिळाला. फोनवर मला आता अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं मी मनाने भरते. त्यापेक्षा हाताने लिहायचं आणि फोटो काढून पाठवायचा, हा आपला नियमच बरा. तुझं अक्षर सुधारलं आहे. अनुपचं पीएचडीनंतर बिघडलं ते बिघडलंच.

तळघरातलं ते तेलावर चालणारं धूड काढून हीट पंप बसवायचा ठरवलात, हे वाचून फार बरं वाटलं. अनुपने मला चार पानं लिहून पंप समजावला आहे. त्याला सांग, तुझी आई तीस वर्षं विज्ञान शिकवत होती. फ्रिजच्या मागे हात लावला की गरम लागतं, तोच खेळ घराएवढा मोठा केलाय. उन्हाळ्यात तोच पंप घर थंडही करणार म्हणे. इथे मी आत्ताच कूलरला वाळ्याच्या नव्या ताट्या बसवून घेतल्या, सकाळ-संध्याकाळ बादलीने पाणी भरते. तुमचं आपलं बरं आहे.

मी विमानतळावर म्हणाले होते की तुमचं घर गरम होईपर्यंत मी तिथे परत पाऊल ठेवणार नाही. ते रागाने म्हटलं नव्हतं गं. जानेवारीत तुमचा बॉयलर तीन दिवस बंद पडला, तेव्हा दोन स्वेटर आणि वर अनुपचं जाकीट घालून मी चहा पीत होते. उर्जाने माझं चित्र काढलं ते नुसतं गाठोडं होतं. त्यानंतरचा खोकला मार्च आला तरी पुरता गेलेला नाही. डॉक्टरांनी सांगितलंय की अशी थंडी पुन्हा छातीला झेपणार नाही. हे गेल्यापासून इथे घर मोठं वाटतं, यावंसं फार वाटतं. पण छातीपुढे माझं चालत नाही.

एक मागणं आहे. कामाची सुरुवात १४ एप्रिलला करा. मुहूर्तबिहूर्त आपण मानत नाही हे मीच तुम्हाला शिकवलंय, तेव्हा हसू नकोस. पण आपल्या या घराची पहिली वीट ह्यांनी बाबासाहेबांच्या जयंतीलाच ठेवली होती. पुढे पायरी झाली तेव्हा ओल्या सिमेंटवर खिळ्याने तीच तारीख कोरली आणि शेजारी दीड वर्षाच्या अनुपचं पाऊल उमटवलं. ती पायरी मी अजून रोज पुसते.

उर्जाला पापा. माया आहेच, ती तशीच राहू दे.

तुझी,
कमलाबाई

•

ब्राउनश्वाइग, १६ एप्रिल २०२५

ती. आईंस,
सप्रेम जयभीम, वि. वि.

मुहूर्त न मानणाऱ्या सासूबाईंचा मुहूर्त आम्ही गाठला! कसा गाठला ते ऐका.

इथलं सरकार जुनी तेलाची हाइत्सुंग, म्हणजे घर तापवायची यंत्रणा, काढून पंप बसवणाऱ्याला जवळजवळ निम्मा खर्च परत देतं. त्याला फ्योर्डरुंग म्हणतात. ती मिळाली तरच हे काम आम्हाला परवडतं, कारण घराच्या कर्जाचे हप्ते अजून ताजे आहेत. अट अशी की आधी सरकारी बँकेकडे अर्ज जायला हवा, मग काम. आणि अर्जाला लागणारा एक कागद एनर्जी सल्लागार बाईंकडून यायचा राहिला आहे. शिवाय जुना बॉयलर अर्जाच्या दिवशी चालू हवा, बंद पडलेल्याला जादा बोनस नाही. त्यामुळे अनुप रोज सकाळी तळघरात जाऊन त्याची तब्येत विचारून येतो. स्वतःच्या बायकोची इतकी विचारत नाही.

आमचे फिटर हेर डिटमर (हेर म्हणजे इथलं श्रीयुत) फार सज्जन आहेत. मी त्यांना चौदा तारखेला थोडंसं तरी काम करा म्हणून विनवलं. ते म्हणाले, अर्ज गेल्याशिवाय मी पान्यालाही हात लावणार नाही. मग अनुप म्हणाला की पंपाचं बाहेरचं यंत्र ठेवायला सिमेंटचा चौथरा लागतोच, तो आपणच घालू, त्याला फिटर कशाला? रजा टाकली, सिमेंटच्या पिशव्या आणल्या आणि बागेच्या कोपऱ्यात दिवसभर खपला. कंबर धरली आहे, पण चौथरा देखणा झालाय. उर्जाला ईस्टरची सुट्टी होती. तिने ओल्या सिमेंटवर पंजा उमटवला आणि खिळ्याने स्वतः तारीख कोरली. आजोबांच्या पायरीबद्दल मी तिला मराठीत सांगत होते, ती जर्मनमध्ये प्रश्न विचारत होती. सगळं समजतं तिला, फक्त बोलत नाही.

फोटो पाठवते आहे. औषध वेळेवर घ्या आणि आमच्यावर अशीच नजर असू द्या.

तुमची,
मैत्री

•

ब्राउनश्वाइग, २९ एप्रिल २०२५

ती. आईंस,
सप्रेम जयभीम, वि. वि.

हे पत्र लिहायला दोन दिवस टाळाटाळ केली. अनुप म्हणत होता, आईला कळवू नको. पण तुमच्यापासून लपवलेलं तुम्हाला आधी कळतं, हा माझा अकरा वर्षांचा अनुभव आहे.

सल्लागार बाई कागद द्यायला घरी आल्या आणि त्यांची नजर चौथऱ्यावर गेली. त्यांनी विचारलं, हा कशाचा. अनुपने अभिमानाने सांगितलं. बाईंनी पेन बंद करून ठेवलं. म्हणाल्या, अर्जाआधी यंत्राचा पाया घातला म्हणजे काम सुरू झालं असं धरतात, मग तो फिटरने घालो की तुम्ही. आणि काम आधी सुरू झालं असेल तर फ्योर्डरुंग नाही. वर आमची तारीख आमच्याच मुलीच्या हाताने सिमेंटमध्ये कोरलेली!

दुसरा मार्ग त्यांनी सांगितला. अशा कामाच्या खर्चाचा पाचवा हिस्सा फिनान्सआम्ट, म्हणजे इन्कम टॅक्सवाले, तीन वर्षांत मिळून करातून सोडतात. त्याला आधी अर्ज लागत नाही. पण सगळा पैसा आधी आपण घालायचा, आणि तेवढा या वर्षी आमच्याकडे नाही. मग पंप दोन वर्षं पुढे ढकलावा लागेल.

अनुपच्या ऑफिसातल्या शार्दूलने सल्ला दिला की घणाने तो चौथरा फोडा, माती टाका, वर गवत लावा, कोण बघतंय. अनुपने घण आणलासुद्धा. गॅरेजमध्ये उभा आहे. सल्लागार बाई म्हणाल्या की त्या काही पाहिलं नाही असं लिहिणार नाहीत, पण आम्ही काय करायचं ते आम्ही ठरवावं. आई, मला खरं म्हणजे रडू येतंय. तुमची खोली मी पिवळी रंगवून घेतली होती. या हिवाळ्यात ती रिकामी राहील असं दिसतंय.

उर्जाला यातलं काही सांगितलेलं नाही. तुम्ही रागावू नका, एवढं मागते.

तुमची,
मैत्री

•

नागपूर, ३० एप्रिल २०२५

चि. मैत्री आणि चि. अनुप,
अ. उ. आ. सप्रेम जयभीम, वि. वि.

रागवायचं तर मी माझ्यावर रागवायला हवं. तारखेचा हट्ट माझा. जन्मभर लोकांना सांगत आले की दिवस सगळे सारखे, आणि म्हातारपणी लेकाच्या गळ्यात एक दिवस अडकवला. मला फार वाईट वाटतंय. काल जेवण गेलं नाही.

पण घण परत करा. आजच.

मी मुख्याध्यापक असताना दर जूनमध्ये कोणी ना कोणी यायचं की बाई, रजिस्टरमध्ये पोराची जन्मतारीख एक वर्षाने मागे-पुढे करा. कोणाला नोकरीचं वय हवं, कोणाला शिष्यवृत्तीचं. माझा सख्खा भाऊ सुधीर आपल्या मुलासाठी आला होता. मी नाही केली. तो तीन वर्षं माझ्याशी बोलला नाही. हे मला तेव्हा म्हणाले होते, शाई तुझी आहे पण तारीख त्या पोराची आहे. आता माझ्या नातीने स्वतः कोरलेली तारीख तुम्ही माझ्यासाठी फोडणार असाल, तर त्या खोलीत मला ऊब लागायची नाही.

जे झालं ते जसंच्या तसं लिहा, फोटो जोडा आणि बँकेला विचारा. फार तर नाही म्हणतील. मग दोन वर्षांनी बघू. मी इथे ठीक आहे. हिवाळ्यात नागपूरला ऊन छान असतं, शेजारी विभावरी येऊन-जाऊन असते, माझं काही अडत नाही.

कपाटावरची सूटकेस मी उगीच खाली काढली होती, पुसायला म्हणून. पुन्हा वर ठेवून घेईन.

दोघांनी भांडू नका. उर्जाच्या पंज्याला माझा पापा द्या.

तुमची,
आई

•

ब्राउनश्वाइग, ६ जून २०२५

ती. आईस,
सप्रेम जयभीम, वि. वि.

हे पत्र मी लिहितोय, कारण मैत्री म्हणाली की शेवटची फजिती ज्याची त्याने सांगायची.

तू म्हणालीस तसं सगळं खरं लिहिलं आणि फोटो लावून बँकेला पाठवलं. उत्तराची वाट बघत असताना हेर डिटमर यंत्राची जागा आखायला आले. चौथऱ्याभोवती दोन फेऱ्या मारल्या. वर बघितलं, खाली बघितलं आणि पोट धरून हसायला लागले. मला हाताला धरून त्यांनी शेजारच्या आजींच्या बेडरूमची खिडकी दाखवली. बरोबर चौथऱ्याच्या डोक्यावर! म्हणाले, इथे पंप लावला तर त्यांच्या झोपेचं खोबरं होईल आणि नियमही ते करू देणार नाही. यंत्र जाणार स्वयंपाकघराच्या बाजूला, भिंतीवर, लोखंडी ब्रॅकेटवर. चौथरा त्यांना लागतच नाही.

आई, मी मोजमापाच्या संस्थेत मिलिमीटरचे लाख भाग करतो. मला खिडकी दिसली नाही.

सल्लागार बाईंनी हे ऐकलं आणि लगेच फिटरचा नकाशा जोडून बँकेला दुसरं पत्र लिहिलं: अर्जदाराने पंपासाठी म्हणून घातलेला चौथरा पंपाच्या कामाचा नाही, त्यावर काही बसणार नाही, त्याचा खर्चही मागितलेला नाही. काहीच लपवलं नाही, पहिलं पत्र तर त्यांच्याकडे होतंच. मागच्या आठवड्यात लेखी उत्तर आलं की मग तो बागेतला चौथराच, पंपाचं काम सुरू झालेलं नाही. त्याच दुपारी अर्ज भरला. तळघरातला म्हातारा तेव्हा धडधडत होता, मी त्याला थोपटून आलो. काल मंजुरी आली, जुन्या बॉयलरच्या बोनससकट. मैत्री स्वयंपाकघरात हसत होती आणि डोळे पुसत होती. मला इतकं हलकं बरेच दिवसांत वाटलं नव्हतं.

मी तो घण वापरला असता तर बँकेला सांगायला माझ्याकडे फक्त खड्डा उरला असता. हे मला परत परत आठवतंय.

काम सप्टेंबरमध्ये होईल. चौथऱ्यावर बाक ठेवतोय. कोपरा दक्षिणेचा आहे, हिवाळ्यातही दुपारी ऊन येतं. खाली उर्जा स्वतः दोन ओळी लिहिते म्हणतेय. मी हात धरलेला नाही.

तुझा,
अनुप

आजी तू ये. तुझा खोली पिवळा आहे. उर्जा

•

नागपूर, ८ जून २०२५

चि. अनुप, चि. मैत्री आणि माझी उर्जा,
अ. उ. आ. सप्रेम जयभीम, वि. वि.

पत्र वाचून मी एकटीच एवढी हसले की विभावरी भिंतीपलीकडून काय झालं विचारत आली. तिला सगळं वाचून दाखवलं. उर्जाच्या दोन ओळी तीनदा वाचल्या. खोली पिवळी असते हे मैत्रीने तिला सांगू नये. मी आल्यावर सांगेन, तेवढं काम माझ्यासाठी ठेवा.

अनुप, चौथीत तू वर्गाची लांबी मोजताना फळा मोजून आला होतास. चूक तीच आहे, या वेळी कामी आली इतकंच. तरी मंजुरीचं पत्र नीट जपून ठेव, आणि फिटरच्या पावत्याही एका फाईलमध्ये लाव. पैसे हातात पडेपर्यंत कागद टाकायचे नसतात.

सूटकेस वर ठेवलीच नव्हती. ते मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून लिहिलं होतं.

दसऱ्याला दीक्षाभूमीवर जाऊन आले की मी मोकळी. तिकीट कोणत्या दिवसाचं काढायचं ते मात्र या वेळी मी सांगणार नाही. पंप चालू होऊ दे, खोली गरम होऊ दे, मग हेर डिटमर म्हणतील तो दिवस.

काल उर्जाच्या पंज्याचा फोटो छापून आणला आणि पायरीवर अनुपच्या पावलाशेजारी धरून बघितला. ह्यांची फार आठवण आली. एकच सांगते: बाक त्या तारखेवर ठेवू नका. थोडा बाजूला सरकवा. मला बसल्या जागेवरून ती वाचता आली पाहिजे.

येईपर्यंत पत्रं चालू ठेवा, आणि आल्यावर माझं बोलणंही सहन करा.

तुमची,
आई