एकोणीस गाठींचा दोरा

मंगळवार, सहा तारीख

धाकटे,

थोरलीचा आशीर्वाद. घ्यायचा की आल्या पावली परत पाठवायचा, ते तू ठरव. मी बरी आहे. गुडघे कुरकुरतात, कानांना धड ऐकू येत नाही, त्यामुळे दोघांचं जमतं. तुझी नजर अधू झाल्याचं कळलं. जीभ शाबूत असेलच.

अक्षर माझ्या नातीचं, शब्द माझे. सांगते तसंच लिहायचं, सुधारायचं नाही, असं बजावलंय. आत्ता ती हसली. म्हटलं, तेही लिही.

ही पोरगी जुन्या कोर्टाच्या दप्तरखान्यात कामाला आहे. माणसं विकली जायची त्या काळातले खटले विद्यापीठातल्या लोकांना अभ्यासायचेत. म्हणून हिने एकेक कागद मऊ ब्रशने झाडायचा, दोरे-टाचण्या काढायच्या, काचेखाली सपाट करून दोन्ही बाजूंनी स्कॅन करायचा. मागची बाजू कोरी असली तरी! मी विचारलं, "कोऱ्या कागदाचे फोटो काढायचा पगार देतात होय गं?"

परवा एका कागदाला शिवलेला दोरा कापायला तिने कात्री उचलली आणि थांबली. दोऱ्यावर गाठी होत्या, दोन वेढे घेऊन मागून ओढलेल्या. तिच्या डब्याच्या पिशवीला मी रोज मारते तीच गाठ. दुपारी सुटत नाही म्हणून ती माझा उद्धार करते, तीच.

घरी येऊन तिने कागदावरचं नाव-गाव सांगितलं आणि मी ओळखलं, कागद आपल्या पणजीच्या खटल्याचा. मालकाने दावा लावला होता: ही बाई माझी, विकत घेतलेली, पळून गेली, परत द्या. न्यायाधीशाने तिला विचारलं, किती वर्षं होतीस त्याच्या घरी? पणजीने कमरेचा दोरा काढून पुढे धरला. वर्षाला एक गाठ. कारकुनाने मोजून एकोणीस लिहिलं आणि दोरा पुरावा म्हणून कागदाला शिवून टाकला. गुलामी बंद करणारा कायदा होऊन तेव्हा नऊ वर्षं उलटली होती. तिला कोणी सांगितलंच नव्हतं.

दावा फेटाळला. "ही बाई कोणाच्याही मालकीची नाही," असं निकालात आहे. ते मी हिच्याकडून तीनदा वाचून घेतलं.

आता मुद्द्यावर ये, म्हणत असशील. येतेय. गुडघे कुरकुरतात म्हटलं ना.

माझ्या लेकाची सोयरीक ठरत होती, तेव्हा भरल्या बैठकीत तू बोलून गेलीस, "आमची पणजी विकत आणलेली होती." मी म्हटलं, "खोटारडी आहे ही, मनचं रचून सांगते." पाहुण्यांदेखत तुला दाराबाहेर काढलं. सोयरीक जमली. त्यातूनच ही लिहिणारी आली.

कागद सापडला म्हणून मला खरं कळलं, असं समजू नकोस. मला कागदाची गरज नव्हती. गाठ शिकवताना पणजीने मला सगळं सांगितलं होतं. तू तेव्हा पाळण्यात होतीस. मग तुला कोणी सांगितलं? मीच. धुणं पिळता पिळता, कोणाला बोलू नकोस म्हणून.

नातीचा हात थांबलाय. तिला हे आजच कळतंय. लिही गं बाई, पुढे लिही.

दप्तरखान्यातल्या मोठ्या बाईंनी निरोप धाडलाय, घरच्या कोणी येऊन दोरा बघावा आणि गाठीची हकिकत सांगावी. तीही नोंदवून ठेवणार आहेत. मी कळवलंय, एकटी येणार नाही.

सोबत एक दोरा पाठवतेय. वाचता ना तुला येतं, ना मला, पण बोटांना कळेल. तू गेल्यापासून वर्षाला एक, अशा बावीस गाठी आहेत. मोजून बघ. माझी चूक काढायची तुला भारी हौस. सापडली, तर ये आणि तोंडावर सांग.

तुझी,
खोटारडी थोरली